शोधशब्दांची निवड आणि साधनांची परीक्षा : वैद्य व औषधालय चालकांसाठी काही विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, वनौषधींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि अन्य वनवासी जाणतात असे सांगितले आहे. त्यांचा युक्तिपूर्वक उपयोग जाणणे हे वैद्याचे काम. परंतु नाव मात्र लोकांकडून शिकावे लागते. त्याच स्थानाच्या अठराव्या अध्यायात, एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने संकोच मानू नये, कारण सर्वच विकारांना निश्चित नावे नसतात, असाही निर्वाळा आहे. संकेतस्थळासाठी शोधशब्द निवडण्याच्या प्रश्नाकडे वळताना ही दोन वचने आम्हास वारंवार आठवली. रुग्ण शोधयंत्रात जे शब्द लिहितो ते त्याचे असतात, आपले नसतात. तो ‘अम्लपित्त’ लिहीत नाही, ‘छातीत जळजळ’ लिहितो. ‘गृध्रसी’ लिहीत नाही, ‘कंबरेपासून पायापर्यंत कळ’ लिहितो. ‘अर्श’ हा शब्द पाठ्यपुस्तकात राहतो आणि शोध ‘मूळव्याध’, ‘पाइल्स’ वा ‘बवासीर’ या शब्दांनी होतो.

आपल्यापैकी अनेकांनी आता चिकित्सालयाचे वा औषधालयाचे संकेतस्थळ करून घेतले आहे. ते तयार करणारा तंत्रज्ञ बहुधा एक यादी हाती देतो. अमुक शब्द महिन्याला इतक्या वेळा शोधला जातो, तो पानावर घाला म्हणजे लोक येतील, असे तो सांगतो. ही यादी कोठून आली, तिच्यातील आकडे कशाचे आणि त्यांवर किती विसंबावे, हे आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू ते विचारता यावे एवढाच आहे.

साधनांचा परिचय

पहिले साधन विनामूल्य आहे आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. गुगलच्या चौकटीत दोन-तीन अक्षरे लिहिताच खाली जी वाक्ये सुचविली जातात, ती बऱ्याच अंशी लोकांनी प्रत्यक्ष केलेल्या शोधांवर आधारलेली असतात. निकालांच्या मध्ये येणारे प्रश्न आणि तळाशी येणारे संबंधित शोध हेही तसेच. ‘पंचकर्म’ हा शब्द लिहून एक जागा सोडावी व पुढे एकेक अक्षर लिहीत जावे. खर्च, पथ्य, किती दिवस, घरी, जवळपास अशा दिशा आपोआप दिसू लागतात. मात्र हा प्रयोग ब्राउझरच्या खासगी खिडकीत करावा. आपल्याच जुन्या शोधांचा परिणाम सूचनांवर होत असतो आणि वैद्याच्या संगणकाला वैद्याचेच शब्द सुचतात.

दुसरे साधन गुगल ट्रेंड्स. यात २००४ पासूनची माहिती पाहता येते. परंतु यातील आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळातील व प्रदेशातील सर्वोच्च बिंदूस १०० मानून बाकीचे त्याच्या प्रमाणात दाखविले जातात. म्हणून ‘शंभर आहे’ याचा अर्थ ‘पुष्कळ आहे’ असा होत नाही. ऋतुमानाचा अंदाज घेण्यास हे साधन उत्तम. वसंतातील वमन, वर्षा ऋतूतील बस्ती, शरदातील विरेचन यांविषयीचे पान केव्हा लिहून तयार ठेवावे, सुवर्णप्राशनाबद्दलची विचारणा पुष्य नक्षत्राच्या सुमारास वाढते का, हे येथे ताडून पाहता येते. पाचपर्यंत शब्द एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येते. ‘शब्द’ आणि ‘विषय’ असे दोन पर्याय असतात. विषय निवडल्यास निरनिराळ्या भाषांतील व वर्तनीतील शोध एकत्र मोजले जातात, शब्द निवडल्यास केवळ ती अक्षरे. हा भेद न जाणता काढलेले निष्कर्ष आम्ही पाहिले आहेत. फार थोड्या वेळा शोधल्या जाणाऱ्या मराठी शब्दांसाठी आलेख रिकामाच येतो. त्यावरून कोणी शोधतच नाही असे समजू नये.

तिसरे गुगलचेच कीवर्ड प्लॅनर. हे मुळात जाहिरातदारांसाठी आहे, म्हणून त्याकरिता गुगल ॲड्सचे खाते उघडावे लागते. जो जाहिरातीवर खर्च करीत नाही त्याला नेमकी संख्या दिसत नाही, ‘१०० ते १ हजार’ वा ‘१ हजार ते १० हजार’ असा पल्ला दिसतो. पल्ल्याची दोन टोके दहापट अंतरावर आहेत, हे ध्यानात घ्यावे. जवळचे पर्यायी शब्द एकत्र करूनही आकडा दिला जातो. येथे प्रदेश म्हणून भारताऐवजी महाराष्ट्र, जिल्हा वा शहर निवडता येते आणि आपल्या दृष्टीने हाच या साधनाचा खरा उपयोग. संपूर्ण भारतात एखादा शब्द किती शोधला जातो याच्याशी कराडच्या वा डोंबिवलीच्या वैद्याला फारसे कर्तव्य नाही.

याच साधनातील ‘स्पर्धा’ या रकान्याने पुष्कळांची दिशाभूल होते. ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ ही वर्गवारी त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावतात याची आहे. त्या शब्दावर आपले पान जाहिरातीविना वर येणे किती सोपे वा कठीण, याच्याशी तिचा संबंध नाही. ‘स्पर्धा कमी’ पाहून लेख लिहावा आणि पहिली तीन पाने मोठ्या रुग्णालयांच्या व वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी व्यापलेली आढळावीत, असे सर्रास घडते.

चौथे सर्च कन्सोल, पूर्वीचे वेबमास्टर टूल्स. आमच्या मते सर्वांत मोलाचे साधन हेच. बाकीची साधने जगातील शोध सांगतात, हे आपल्या संकेतस्थळाचा शोध सांगते. कोणत्या शब्दांवर आपले पान दिसले, कितीदा दिसले, किती जणांनी उघडले, सरासरी क्रम काय होता, हे सोळा महिन्यांपर्यंतचे येथे मिळते. खासगीपणाच्या कारणास्तव अगदी विरळ शोध दाखविले जात नाहीत, त्यामुळे शब्दनिहाय बेरीज एकूण संख्येशी जुळत नाही. तो दोष समजू नये. संकेतस्थळाची मालकी सिद्ध करण्याची एकदाची खटपट करावी लागते आणि ती तंत्रज्ञाच्या नव्हे, आपल्या स्वतःच्या खात्यावर करावी. तंत्रज्ञ बदलतो, खाते त्याच्याबरोबर जाते आणि जुनी माहिती हाती राहत नाही. ज्यांचे चिकित्सालय गुगलच्या नकाशावर नोंदलेले आहे, त्यांना त्या नोंदीच्या कामगिरीच्या विभागातही लोकांनी कोणते शब्द वापरले हे पाहता येते.

आता सशुल्क साधने. एचरेफ्स, सेमरश, उबरसजेस्ट ही नावे तंत्रज्ञांच्या तोंडी असतात. त्यांतील शोधसंख्या हे अंदाज असतात. एकाच शब्दासाठी तीन साधनांत तीन आकडे आढळतात, त्याचे कारण हेच. ‘काठिण्य’ म्हणून जो अंक येतो, तो प्रत्येक साधनाने आपापल्या पद्धतीने काढलेला असतो. एचरेफ्सच्या बाबतीत, पहिल्या पानावरील संकेतस्थळांकडे इतर किती संकेतस्थळांवरून दुवे येतात यावर तो आधारलेला आहे. इंग्रजी शब्दांकरिता ही साधने समृद्ध, मराठीकरिता तोकडी. एकट्या वैद्याने यांवर दरमहा डॉलरमध्ये खर्च करण्याचे आम्हास कारण दिसत नाही. अनेक राज्यांत माल पाठविणाऱ्या औषधनिर्मात्याने एखादा महिना वर्गणी भरून, लागणारी यादी काढून, ती बंद करावी. एचरेफ्सने स्वतःच्या संकेतस्थळाच्या तपासणीपुरते एक विनामूल्य साधनही ठेवले आहे, ते आधी पाहावे.

लिपी व वर्तनी

एकाच शब्दाची किती रूपे शोधली जातात हे पाहून नवखा गोंधळतो. ‘पंचकर्म’ देवनागरीत, रोमन लिपीत मधला ‘अ’ घेऊन, तो गाळून, शिवाय जोडून व तोडून. ‘गुळवेल’ मराठीत, ‘गिलोय’ हिंदीत, ‘गुडूची’ संस्कृतात. २०२० च्या साथीच्या काळात महाराष्ट्रातही ‘गिलोय’ हे नाव घरोघरी पोहोचले, ते निघंटूंमुळे नव्हे. आपल्या निघंटुकारांनी गुडूचीला अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी असे पर्याय दिले. आज तसाच पर्यायकोश प्रत्येक औषधालयाने आपल्या विक्रीच्या द्रव्यांसाठी करावा. मात्र सर्व पर्याय एकाच पानावर कोंबू नयेत. शोधयंत्र आता बरेच पर्याय स्वतः ओळखते आणि वाचणाऱ्या माणसाला ती शब्दांची माळ विचित्र वाटते. शीर्षकात लोकांचे नाव, पहिल्या परिच्छेदात शास्त्रीय नाव, एवढे पुरे.

सर्वाधिक शोधले जाणारे शब्द आणि कायदा

येथवरचे सर्व तंत्र झाले. खरी अडचण पुढे आहे. कोणत्याही साधनातून यादी काढून ती संख्येनुसार उतरत्या क्रमाने लावावी, म्हणजे वरच्या ओळींत मधुमेह, लठ्ठपणा, मुतखडा, रक्तदाब, पांढरे डाग, वंध्यत्व हे शब्द आढळतील. आता औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ ची अनुसूची उघडावी. तीत चौपन्न विकार आहेत आणि वर उल्लेखिलेले विकार त्यांत आहेत. अनुसूचीतील विकाराचे निदान, उपचार, शमन वा प्रतिबंध यांसाठी अमुक औषध वापरावे असे सुचविणारी जाहिरात या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने निषिद्ध आहे. जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साधनाने केलेली घोषणाही येते. १९५४ साली ज्यांनी धुराचाही विचार केला, त्यांच्या शब्दांतून संगणकाचा पडदा निसटेल अशी आशा कोणी धरू नये. नोंदणीकृत वैद्यास आपल्या जागेवर, अमुक विकारावर येथे उपचार होतात अशी पाटी लावण्याची सवलत चौदाव्या कलमाने दिली आहे. ती पाटीची आणि जागेची सवलत आहे. संकेतस्थळास ती लागू आहे असे गृहीत धरणे आम्हास धोक्याचे वाटते.

आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींसाठी २०१८ मध्ये आलेला नियम १७० जुलै २०२४ मध्ये वगळण्यात आला व त्यावरून सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. पूर्वपरवानगीचा तो नियम गेला म्हणजे सर्व मोकळे झाले, असा समज काही औषधालय चालकांत दिसतो. १९५४ चा अधिनियम त्या नियमाहून वेगळा आहे व तो कायम आहे.

प्रश्न केवळ कायद्याचा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. काही काळापूर्वी आमच्याकडे एक गृहस्थ आले. इन्सुलिन चालू होते. ‘मधुमेह कायमचा बरा’ असे शोधून त्यांना एका विक्रेत्याचे पान मिळाले होते. तेथून चूर्ण मागविले होते आणि इन्सुलिन केव्हापासून थांबवू, एवढेच विचारण्यासाठी ते आले होते. ते विचारावयास आले हे नशीब. ते पान ज्याने लिहिले त्याने कदाचित औषध बंद करा असे कोठेही म्हटले नसेल. त्याने फक्त साधनाने दाखविलेला शब्द शीर्षकात घातला. परंतु ‘कायमचा बरा’ हे शोधणारा मनुष्य काय ऐकण्यास उत्सुक आहे हे त्या शब्दातच उघड होते आणि शीर्षकाने त्याला होकार दिला. आकड्यांच्या रकान्यात ही गोष्ट कोठेच दिसत नाही.

म्हणून आम्ही यादीस आणखी एक रकाना जोडतो. शब्द अनुसूचीतील विकाराचा असेल तर त्यापुढे खूण करतो. अशा शब्दांवर औषधाचे वा उत्पादनाचे पान करीत नाही. लिहायचेच झाले तर आहार, दिनचर्या, कोणती लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे आणि चालू औषधे स्वतःच्या मनाने का बंद करू नयेत, एवढेच लिहितो. औषधाचे नाव घेत नाही. अनुसूचीत नसलेला शब्द मोकळाच असतो असेही नाही, कारण औषधाच्या खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस चौथे कलम आहेच. शंका असल्यास वकिलाचा सल्ला तंत्रज्ञाच्या सल्ल्याआधी घ्यावा.

याने संकेतस्थळ ओस पडेल ही भीती आम्हास निराधार वाटते. शोध तीन प्रकारचे असतात. कोणी माहिती शोधतो, कोणी वैद्य शोधतो, कोणी वस्तू शोधतो. मोठी संख्या पहिल्या प्रकारात असते आणि तेथेच आपला लाभ सर्वांत कमी. २०२४ पासून गुगल अनेक शोधांवर स्वतःच यंत्रनिर्मित उत्तर वर देऊ लागल्याने तो आणखी घटला आहे. शिवाय आरोग्यविषयक पानांच्या विश्वासार्हतेबाबत गुगल अधिक कडक निकष लावते. याउलट ‘शिरोधारा किती दिवस करतात’, ‘वमनाच्या आदल्या दिवशी काय खावे’, ‘दशमूळ भरड काढा प्रमाण’, ‘शतावरी कल्प किंमत’ किंवा आपल्या गावाचे नाव आणि पुढे ‘पंचकर्म’ या शब्दांना साधन शून्य वा अत्यल्प संख्या दाखवील, तरी ते लिहिणारा मनुष्य दाराशी आलेला असतो. दहा हजारांतील एकही न येणारा शब्द आणि वीसांतील चार येणारा शब्द यांत दुसरा निवडावा.

अशा शब्दांचा उत्तम संग्रह कोणत्याही साधनात नाही, तो आपल्या केसपेपरवर आणि औषधालयाच्या खिडकीपाशी आहे. खिडकीत एक वही ठेवावी. चिठ्ठीविना आलेले गिऱ्हाईक ज्या शब्दांत वस्तू मागते, रुग्ण दूरध्वनीवर जो पहिला प्रश्न विचारतो, तो जसाच्या तसा, दुरुस्ती न करता, लिहावा. नाव लिहू नये, फक्त शब्द. दोन महिन्यांत शंभर-दीडशे वाक्ये जमतात. त्यांतील पुन्हापुन्हा आलेली निवडून, कीवर्ड प्लॅनरमध्ये आपला जिल्हा घालून तपासावी, ट्रेंड्सवर ऋतू पाहावा, अनुसूचीचा रकाना भरावा आणि मग एका शब्दासाठी एक पान लिहावे. लेखक वैद्याचे नाव, पदवी व नोंदणी पानावर असावी.

पान लिहिल्यानंतर तीन महिने त्यास हात लावू नये. मग सर्च कन्सोल उघडून पाहावे. पान पुष्कळदा दिसले पण उघडले गेले नाही, तर शीर्षक व त्याखालचे दोन ओळींचे वर्णन बदलावे. दिसलेच नाही, तर शब्द चुकला किंवा स्पर्धा भारी आहे. आणि आपण जो शब्द पानावर कधी लिहिलाच नव्हता त्यावरून कोणी आलेले दिसले, तर तो वहीत उतरवून घ्यावा. पुढचे पान त्याचे.