भाषा आधी, विद्यापीठ नंतर

चि. मृण्मयी,


युरोपात जाऊन कांट, हुसर्ल, हायडेगर यांच्या परंपरेत एम.ए. करायचं तू ठरवलंस, याचा आनंद आहे. तू पाठवलेल्या यादीत विद्यापीठांचे जागतिक क्रमांक आहेत, फी आहे, अर्जाच्या तारखा आहेत. मूळ ग्रंथ कोणत्या भाषेत वाचणार, हा रकाना मात्र नाही. माझ्या मते तोच पहिला हवा. ‘कॉन्टिनेंटल’ म्हणतात ते तत्त्वज्ञान शिकणं म्हणजे मुख्यतः थोडे ग्रंथ फार बारकाईने वाचणं. तेव्हा आधी ग्रंथ ठरव, मग त्याची भाषा शीक आणि विद्यापीठ त्यानंतर निवड.

पुरावा तुझ्या टेबलावरच असेल. कांटच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ची कोणतीही चांगली इंग्रजी प्रत उघड. समासात ए आणि बी या अक्षरांपुढे आकडे छापलेले दिसतील. ए म्हणजे १७८१ ची पहिली जर्मन आवृत्ती, बी म्हणजे १७८७ ची दुसरी. निबंधात संदर्भ द्यायचा तो याच आकड्यांनी. हायडेगरच्या ‘बीइंग अँड टाइम’च्या १९६२ च्या इंग्रजी अनुवादातही समासात जर्मन पानांचे क्रमांक आहेत. वाद पडला की निवाडा मुळात पाहून करायचा, हे अनुवादकांनीच मान्य केलेलं आहे. हुसर्लचं तर याहून अवघड. १९३८ मध्ये तो फ्रायबुर्गला वारला. तो जन्माने ज्यू, त्यामुळे त्याच्या कागदपत्रांना नाझींकडून धोका होता. हर्मन व्हान ब्रेडा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने लघुलिपीतली सुमारे ४०,००० पानं बेल्जियममधल्या लोव्हेनला हलवली. १९५० पासून ती ‘हुसर्लियाना’ या मालेत छापली जात आहेत आणि त्यांतला बराच मोठा भाग अजून इंग्रजीत नाही. लोव्हेनला इंग्रजी माध्यमातून एका वर्षाचं एम.ए. करता येतं. पण जर्मन न येणारा विद्यार्थी त्या संग्रहाच्या दाराशी वर्षभर राहूनही बाहेरच राहील.

तू म्हणशील, अनुवाद आता उत्तम आहेत आणि इंग्रजीतून या विषयावर पुष्कळ चांगलं लिहिलं जातं. दोन्ही खरं आहे. ओळख करून घ्यायला अनुवाद पुरतो, बी.ए.ला तू तेच केलंस. एम.ए.त मात्र प्रबंध लिहायचा असतो, आणि परीक्षक पहिल्यांदा विचारतात ते मूळ वाक्याबद्दल. शिवाय ही परंपरा परक्या विद्यार्थ्यांनीच वाढवली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ लेव्हिनास जन्माने लिथुआनियातला, शिकला स्ट्रासबुर्गला, १९२८ मध्ये फ्रायबुर्गला हुसर्लच्या वर्गात जाऊन बसला आणि पुढे हुसर्लच्या एका ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद करणाऱ्या दोघांपैकी एक झाला. सार्त्रही १९३३-३४ मध्ये हुसर्ल वाचायला बर्लिनला राहिला. फ्रेंच विचारविश्वात हुसर्लच्या विचाराची मुळं रुजली ती अशी, परकी भाषा पचवून. ‘हे आपलं नाही, मला जमेल का’ ही धास्ती म्हणून सोड.

दुसरा आक्षेप घरून येईल: भाषेत वर्ष घालवायचं, तोवर बरोबरीची मुलं कमवायला लागतील. इथे हिशेब मांडूनच बघ. जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे तिथे मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवायचे, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. पण या स्वस्त शिक्षणाचा मोठा भाग जर्मन माध्यमात आहे, आणि तिथे प्रवेशाला टेस्टडाफ किंवा डीएसएचसारखी भाषापरीक्षा लागते. म्हणजे भाषेवर घातलेलं वर्ष फीच्या रूपाने वसूल होतं. तत्त्वज्ञानाच्या पदवीवर प्राध्यापकी मिळेलच, असं मी सांगणार नाही. अशा जागा तिकडेही मोजक्याच. तरी शिक्षणानंतर काम शोधायला जर्मनी अठरा महिने देते, आणि त्या काळात कांटपेक्षा तुझं जर्मन जास्त उपयोगी पडेल.

एका वर्षाच्या इंग्रजी अभ्यासक्रमाला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, तर नाही म्हणू नकोस. पण निदान कोश हाताशी घेऊन मूळ पान वाचता येईल एवढी तयारी करूनच जा. सध्या एकच ग्रंथ निवड, पुण्याच्या माक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला नाव घाल आणि सहा महिन्यांनी त्या ग्रंथाची पहिली दहा पानं जर्मनमधून वाचून बघ. गोडी टिकली तर यादीतली निम्मी नावं तू स्वतःच खोडशील. टिकली नाही, तर तेही घरबसल्या, थोड्या खर्चात कळेल.

तुझा,
काका