तरव्यातील पाखड ओळखा

रत्नागिरी जिल्ह्यात भाताच्या तरव्यात उगवणारे पाखड कोवळेपणी भातासारखेच दिसते. तरवा काढताना ते मुठीत येते आणि आपल्याच हातांनी खाचरात लावले जाते. पुढे ते भाताचे खत खाते व बी गाळते. म्हणून पान व खोडाचा सांधा पाहावा.

भात : सांध्याशी पांढरी, पातळ जीभ व बाजूस केसाळ कानोळे असतात.

पाखड : जीभ नाही, कानोळेही नाहीत.

लव्हाळा : खोड बोटांत फिरविल्यास तीन कडा लागतात. नुसता उपटू नये; जमिनीतील गाठींसह खणून काढावा.

बुंध्याच्या तांबूस रंगावर विसंबू नये, काही भातजातीही तशाच असतात. शेतकरी बंधूंनी बेणणी रोपवाटिकेतच, लावणीपूर्वी करावी.