खेळाडू विद्यार्थ्याचे वेळापत्रक

महाविद्यालयात शिकत असतानाच मैदानावर नाव कमावणाऱ्या विद्यार्थ्याचे सर्वत्र कौतुक होते. बक्षीस समारंभात त्याचा सत्कार होतो, गावात मिरवणूक निघते. परंतु पहाटेच्या सरावापासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत त्याचा दिवस कसा जातो, याची चौकशी क्वचितच होते. होतकरू खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक तर खेळ सोडतो किंवा अभ्यासात मागे पडतो, असा अनुभव अनेक शिक्षकांना येतो. अंगच्या गुणांची उणीव हे त्याचे कारण नेहमीच नसते. वेळेचा मेळ बसत नाही, हे अनेकदा खरे कारण असते.

आठवड्याचा जमाखर्च

आठवड्याचे तास १६८. खेड्यातून एस.टी.ने तालुक्याच्या महाविद्यालयात येणाऱ्या एखाद्या धावपटू विद्यार्थिनीचा हिशेब मांडून पाहावा. रोज ८ तासांप्रमाणे झोपेचे ५६, तासिका व प्रात्यक्षिकांचे ३०, सरावाचे १८, प्रवासाचे १२ आणि स्नान-भोजनादी नित्यकर्मांचे १७ तास धरले, तर १३३ तास खर्ची पडतात. घरकाम व शेतीच्या कामाला १० तास दिले, तरी २५ तास शिल्लक राहतात. सहा दिवस रोज ३ तास अभ्यास केला, तरीही विश्रांतीसाठी ७ तास उरतात.

कागदावर हा हिशेब जुळतो. प्रत्यक्षात मात्र हे तास सलग मिळत नाहीत. अर्धा तास बसस्थानकावर जातो, पाऊण तास दोन तासिकांच्या मध्ये रिकामा जातो. अशा सुट्या वेळेत टिपणे वाचणे, व्याख्या पाठ करणे यांसारखी लहान कामे उरकावीत. गणिते सोडविणे, निबंध लिहिणे ही कामे घरच्या सलग वेळेसाठी राखून ठेवावीत.

वेळ अपुरा पडू लागला, की पहिली कात्री झोपेला लागते. ही चूक महागात पडते. तरुण वयात ७ ते ९ तासांची झोप आवश्यक मानली जाते. सरावाने थकलेल्या स्नायूंची झीज झोपेतच भरून निघते आणि दिवसा वाचलेले मनात पक्के होण्यासही झोपेची मदत होते. झोप मोडून केलेला अभ्यास परीक्षेत उपयोगी पडत नाही व मैदानावरही नुकसान करतो.

वर्षाचा आराखडा

सत्र पद्धतीत वर्षातून दोनदा परीक्षा येते. आंतरमहाविद्यालयीन व आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम नेमका याच काळात येऊन भिडतो. म्हणून वर्षाच्या प्रारंभीच एका मोठ्या कागदावर बारा महिने मांडून परीक्षा, स्पर्धा, प्रात्यक्षिकांच्या वह्या सादर करण्याच्या तारखा आणि घरची सुगी या चार गोष्टी त्यावर नोंदवाव्यात. ज्या आठवड्यात दोन नोंदी एकत्र येतात, तो अडचणीचा आठवडा. त्याची तयारी महिनाभर आधी सुरू करावी.

स्पर्धेला जाण्यापूर्वी शारीरिक शिक्षण संचालकांचे पत्र वर्गशिक्षकांकडे पोहोचवावे, देय वह्या पूर्ण कराव्यात आणि टिपणे देणारा वर्गमित्र ठरवून ठेवावा. सोबत एकाच विषयाचे पुस्तक न्यावे. पिशवीभर पुस्तके नेली तर ती बहुधा न उघडताच परत येतात. परतल्यावर आठवड्याच्या आत राहिलेला भाग शिक्षकांकडून समजून घ्यावा. दर रविवारी सायंकाळी अर्धा तास पुढील आठवड्याच्या आखणीसाठी द्यावा. या अर्ध्या तासाने पुढची बरीच धावपळ वाचते.

संस्थेचा आधार

तथापि, हा सारा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे योग्य नव्हे. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा अपुरा पडला, तेव्हा त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले; पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ते नेमबाजीत मिळविले.

आज कोणा प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे, अशी अपेक्षा नाही. अपेक्षा त्याहून पुष्कळ लहान आहे. सत्राच्या प्रारंभी प्राचार्य, शारीरिक शिक्षण संचालक आणि परीक्षा विभाग यांनी एकत्र बसून खेळाडूंची यादी व तारखा ताडून पाहाव्यात. स्पर्धेमुळे बुडालेली अंतर्गत चाचणी पुन्हा घेण्याची सोय करावी. हजेरीच्या नियमात विद्यापीठाने दिलेली सवलत विद्यार्थ्याने मागण्यापूर्वीच त्याला सांगावी. सायंकाळचा सराव शेवटच्या एस.टी.च्या वेळेचा विचार करून संपवावा. अनेक मुलींचा खेळ केवळ या एका कारणाने सुटतो.

ग्रामपंचायतीलाही यात करण्यासारखे बरेच आहे. मैदानावर दिव्यांची सोय, रात्री उघडी राहणारी अभ्यासिका आणि बसच्या वेळेबाबत आगारप्रमुखांशी पत्रव्यवहार ही कामे फार खर्चाची नाहीत. पालकांनीही सुगीच्या कामाचे दिवस आधी सांगितले, तर मुलगा वा मुलगी सराव व अभ्यास त्याप्रमाणे पुढेमागे करू शकेल.

खेळातील उमेदीची वर्षे थोडी असतात. ती सरल्यावर शिक्षणाचाच आधार असतो. पदवी व पदक यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी केवळ वेळापत्रक न जुळल्यामुळे कोणत्याही विद्यार्थ्यावर येऊ नये. येत्या सत्राचे वेळापत्रक लावताना प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या खेळाडूंची यादी समोर ठेवली, तर या कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.