आरक्षणाचा विषय वर्गात काढावा का?

प्रश्न : चाकणजवळच्या महाविद्यालयात शिकवते. आरक्षणाचा विषय निघाला की वर्गात दोन तट पडतात. टाळावा का?

उत्तर : टाळू नका, मॅडम. वर्गात टाळलं तरी कँटीनमध्ये निघतोच, आणि तिथे आवरायला कोणी नसतं. ३० जुलै २०१८ ला याच चाकणमध्ये मराठा आरक्षण आंदोलनात बस पेटल्या. गावातल्या पोरांना ते ठाऊक आहे. सुरुवात कागदापासून करा : मराठा आरक्षणावरचा ५ मे २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, एकूण आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा, २०२४ चा १० टक्के मराठा आरक्षणाचा कायदा. मग प्रत्येकाला विरुद्ध बाजूचा मुद्दा वहीत लिहायला लावा. ‘हो, आमचं म्हणणं हेच’ असं त्या बाजूने कबूल केल्यावरच तो खोडायची मुभा. जात मात्र कुणालाही विचारू देऊ नका. तुमचं मत विचारतीलच; ते तास संपताना सांगा.