पिशीमाची पेटी

आपल्या कोकण-गोव्याच्या मुलुखात गावच्या राखणदाराची हकीकत ठाऊक नाही असे घर विरळा. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहायच्या. हे सांगताना आजी आवाज चढवीत नाही की डोळे विस्फारीत नाही. तांदूळ निवडता निवडता ज्या सुरात ती पावसाविषयी बोलते, त्याच सुरात राखणदाराविषयी बोलते.

अद्भुत गोष्ट अशा घरगुती सुरात सांगणाऱ्या कथावाङ्मयाला ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात. हे नाव मूळचे चित्रकलेतले. फ्रान्झ रोह या जर्मन समीक्षकाने ते १९२५ साली योजिले. कादंबरीच्या क्षेत्रात त्याचा बोलबाला झाला तो कोलंबियाचा लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस याच्यामुळे. त्याची विख्यात कादंबरी १९६७ साली निघाली आणि १९८२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपली आजी निर्विकार चेहऱ्याने जशा गोष्टी सांगे तशीच आपण कथा लिहिली, असे तो सांगत असे. तो ग्रंथ मात्र तुम्ही मोठेपणी वाचावा. एकाच घरातल्या अनेक पिढ्यांना तीच तीच नावे असल्याने जाणता वाचकही त्यात वाट चुकतो.

आज मला शिफारस करायची आहे ती एका छोट्या, सौम्य आणि खट्याळ बंगाली कादंबरीची. शीर्षेंदु मुखोपाध्याय यांची ‘गोयनार बाक्शो’, म्हणजे दागिन्यांची पेटी, १९९३ साली प्रसिद्ध झाली. मित्रांच्या खालावलेल्या जमीनदार घराण्यात अठरा वर्षांची सोमलता सून होऊन येते. एके दिवशी घरातली वृद्ध पिशीमा तिला मरून पडलेली आढळते. (बंगालीत पिशी म्हणजे आत्या.) आणि ती मेलेली पिशीमाच सोमलतेला आपली पेटी लपवून ठेवायला सांगते! पुढे तिचे भूत घरात वावरत राहते, सुनेला घालूनपाडून बोलते. लेखक या भुताचे समर्थन करीत नाही की स्पष्टीकरण देत नाही. सासू असते, दीर असतो, तसे हे भूतही असते.

पण गंमत एवढ्यावर संपत नाही. पिशीमा बाराव्या वर्षी विधवा झाली आणि सत्तराव्या वर्षी वारली. मधल्या अठ्ठावन्न वर्षांत तिच्या वाट्याला संसार आला नाही, प्रेम आले नाही. एक पेटी तेवढी उरली. त्या घराचे खरे गुपित पेटीतले सोने नव्हे; तिच्यावर झालेला अन्याय हे ते गुपित, आणि ते घरात प्रत्येकाला माहीत होते. माहीत असून कोणी उच्चारीत नव्हते. मेल्यावर तिला भीड उरली नाही, म्हणून ती बोलू लागली.

येथे मराठी वाचकाला हरि नारायण आपटे यांची यमू आठवल्यावाचून राहत नाही. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही आपट्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येत होती. वैधव्य येताच यमूचे जबरदस्तीने केशवपन होते, आणि ती फार दिवस जगत नाही. तेथे वाचक रडतो. पिशीमाच्या शिव्याशापांनी तो आधी हसतो, आणि मग आपण कशाला हसलो याचा विचार करू लागतो. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत; पण आधी यमू वाचावी, असे मला वाटते.

पेटीचे पुढे काय होते, बुडते घर सावरायला सोमलता कोणता उपाय योजिते, हे मी येथे सांगणार नाही. तिची मुलगी बोशन स्कूटर चालविते, स्थळे नाकारते. तिच्यात पिशीमाची अपुरी इच्छा उतरली आहे काय, हा प्रश्न लेखकाने मोकळाच ठेवला आहे.

अरुणावा सिन्हा यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले आहे. दहावीच्या विद्यार्थ्याला ते जड जाऊ नये. पिशीमाची जीभ तिखट आहे, तेव्हा धाकट्यांनी घरातल्या मोठ्यांसह वाचावे. अपर्णा सेन यांनी २०१३ साली त्यावर चित्रपट काढला, पण त्यात कथा १९७१ च्या बांगलादेश युद्धापर्यंत नेली आहे. तेव्हा पुस्तक आधी वाचा. वाचून झाल्यावर घरातल्या आजीला तिच्या एखाद्या आत्याविषयी विचारा, आणि ती सांगू लागली तर मध्ये बोलू नका.