जुन्या झोडणी यंत्राला नायलॉनचा बुश

भेट झाली की आपल्यापैकी बरेच जण विचारतात, "लोखंडी यंत्रात प्लॅस्टिक टिकतं का हो?" टिकतं, पण सगळीकडे नाही. कुठे बसवायचे हे कळणे हाच या कामातला मुख्य धडा आहे.

जव्हार-मोखाड्याकडे पाड्यांवर पायाने चालवायची भात झोडणी यंत्रे मी दुरुस्त करतो. पायटा दाबला की जोडदांडा वरखाली होतो आणि तारांचा ढोल फिरतो. ढोल मिनिटाला तीन-चारशे फेरे घेतो. पायट्याची खीळ मात्र जागच्या जागी झुलते. झिजते तीच. तिथे धूळ आणि भाताचे कूस बसते, त्यावर कोणी ग्रीस घातले की दोन्ही मिळून कानशीसारखे धातू खातात. भोक लांबट होते, पायटा लटपटतो. ऐन कापणीत यंत्र थांबले आणि परतीचा पाऊस आला, तर खळ्यातल्या भाताला कोंब फुटायला वेळ लागत नाही.

अशा संथ, धुळीच्या जागी नायलॉनचा बुश गन मेटलपेक्षा मला बरा वाटतो. वंगण नसले तरी चालतो, आणि एखादा कण आला तर तो मऊ नायलॉनमध्ये रुतून बसतो. ढोलाच्या शाफ्टला मात्र मी बॉल बेअरिंगच ठेवतो. प्लॅस्टिकमधून उष्णता बाहेर जात नाही. वेगात ते तापते, फुगते आणि शाफ्टला आवळून धरते.

नायलॉनचा दुसरा स्वभाव पाण्याचा. शंभर ग्रॅम नायलॉन पुरते भिजले की सात ते नऊ ग्रॅम पाणी पिते. उन्हाळ्यात नेमका बसवलेला बुश पावसाळ्यात अडकतो तो यामुळेच. 25 मिलिमीटरच्या खिळीला मी 0.2 मिलिमीटरच्या आसपास ढिलाई ठेवतो. लेथवाल्याला हे आधी सांगावे लागते, नाहीतर तो सवयीने गन मेटलच्या मापाचा बुश करून देतो! जिथे सतत पाणी लागते तिथे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिन घ्यावे, ते पाणी जवळजवळ शोषत नाही. दुकानात दोन्ही पांढरेच दिसतात. तांब्याभर पाण्यात तुकडा टाका: पॉलिथिन तरंगते, नायलॉन बुडते.

हा काही आमचा शोध नव्हे. आफ्रिकेत 1980 च्या दशकात तयार झालेल्या आफ्रिदेव हातपंपाच्या मुठीला प्लॅस्टिकचेच बुश आहेत. गावातल्या माणसाला ते थोड्या हत्यारांत बदलता यावेत, हाच त्यामागचा विचार.

एका पाड्यावर एका आजींनी बुश हातात घेऊन विचारले, "दादा, हा मोडला तर तुझीच वाट बघायची का?" प्रश्न रास्त होता. तेव्हापासून प्रत्येक यंत्राबरोबर दोन जादा बुश देतो आणि घरातल्या कोणाकडून तरी एकदा जुना काढून नवा बसवून घेतो.

बसवताना खीळ बोटाने चाचपून पाहावी. गंजलेली, खरवडलेली खीळ नवा बुश एका हंगामात खाते. पॉलिश पेपरने गुळगुळीत होत नसेल तर तीही बदलावी. आणि पायट्याला वेल्डिंग करायचे असेल तर बुश आधी काढून ठेवावा.