दुर्गाघाट, वाराणसी नगर निगम आणि ७४ वी घटनादुरुस्ती

वाराणसीत पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये दुर्गाघाट आहे. मराठी वाचकांस हे नाव परके नाही. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात येथील जागा कोळ्यांकडून विकत घेतली, घाट बांधविला आणि त्याच्या आश्रयाने महाराष्ट्रीय कुटुंबांची वस्ती उभी राहिली. जमीन मिळविणे, तिचा विकास करणे आणि रहिवाशांना सोयी पुरविणे ही कामे त्या काळी एका हाती होती. आज त्यांची विभागणी अनेक यंत्रणांत झाली आहे. नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांचे अधिकार समजून घेण्यासाठी ही विभागणी पाहणे उद्बोधक ठरते.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. तिने राज्यघटनेत भाग नऊ-ए आणि बारावी अनुसूची यांची भर घातली. अनुसूचीतील १८ विषयांत नगरनियोजन, जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन, घरगुती, औद्योगिक व वाणिज्यिक प्रयोजनांसाठी पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता यांचा समावेश आहे. परीक्षार्थी ही यादी पाठ करतात. परंतु खरा मुद्दा अनुच्छेद २४३ डब्ल्यूच्या शब्दरचनेत आहे. राज्य विधानमंडळ कायद्याद्वारे हे अधिकार नगरपालिकांना प्रदान करू शकेल, असे तो म्हणतो. प्रदान केलेच पाहिजेत, असे म्हणत नाही. याउलट, नगरपालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करणे अनुच्छेद २४३ यू नुसार बंधनकारक आहे. म्हणजे सभागृह निवडून येणे अनिवार्य, पण त्या सभागृहाच्या हाती काय असावे हे राज्याच्या इच्छेवर.

वाराणसीत याचा प्रत्यय येतो. १९५९ मध्ये येथे नगर महापालिका स्थापन झाली. आज ती नगर निगम म्हणून ओळखली जाते. जमीन-वापराचा आराखडा मात्र १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वाराणसी विकास प्राधिकरणाकडे आहे. मलनिःसारणाचे मोठे प्रकल्प राज्याच्या जल निगमाने उभारले. औद्योगिक भूखंडांचे वाटप १९६१ मध्ये स्थापन झालेले राज्य औद्योगिक विकास महामंडळ करीत असे; २०१८ पासून ते काम त्याच्या जागी आलेल्या प्राधिकरणाकडे आहे. रामनगर औद्योगिक क्षेत्र तर गंगेच्या पलीकडे, चंदौली जिल्ह्यात आहे.

गंगा कृती योजनेचा आरंभ १४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वाराणसीतच झाला. तिच्या अंतर्गत दीनापूर येथे प्रतिदिन ८० दशलक्ष लिटर क्षमतेचे मलजल शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. भगवानपूर येथे आणि डिझेल रेल्वे इंजिन कारखान्याच्या परिसरात लहान केंद्रे झाली. घाटांवर येणारे सांडपाणी उचलून मुख्य वाहिनीत सोडण्यासाठी पंपगृहे बांधली गेली. जलासेन आणि त्रिलोचन येथील अशा दोन पंपगृहांच्या दरम्यान दुर्गाघाट येतो. या व्यवस्थेचे मर्मस्थान वीज हे होते. वीज गेली की पंप थांबत आणि सांडपाणी थेट नदीत उतरे. पावसाळ्यात पूर आला तरीही तोच प्रकार घडे. तासन्‌तास वीज नसणाऱ्या शहराला अखंड विजेवर चालणारी योजना देण्यात आली, हे नियोजनाच्या दृष्टीने विचित्रच म्हटले पाहिजे.

या त्रुटीवर काशी हिंदू विश्वविद्यालयातील जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी बोट ठेवले. त्यांच्या संकटमोचन फाउंडेशनने सुचविलेला पर्याय असा : घाटांच्या कडेने वाहिनी टाकून सांडपाणी गुरुत्वाकर्षणाने शहराबाहेर न्यावे आणि तेथे शैवाल व जिवाणूंच्या साह्याने तलावांत शुद्ध करावे. पंपांची गरज कमी, म्हणून विजेचा आणि देखभालीचा खर्चही कमी. मात्र तलावांसाठी विस्तीर्ण जमीन लागते, ही त्याची मर्यादा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नगर निगमाने या पर्यायाला पाठिंबा दिला. घटनादुरुस्तीनंतर हा निर्णय शहराचा आहे, अशी त्यामागील भूमिका होती. जल निगमाची योजना वेगळी होती, आणि प्रकल्पाचा निधी व तांत्रिक मंजुरी राज्य आणि केंद्र यांच्या हाती होती. पुढे दीनापूरचे प्रतिदिन १४० दशलक्ष लिटरचे आणि गोइठा येथील १२० दशलक्ष लिटरचे केंद्र २०१८ मध्ये सुरू झाले, ते प्रचलित यांत्रिक पद्धतीचेच.

ठरावामागे स्वतःचा पैसा नसेल तर त्याचे वजन घटते, हे पाहण्यासाठी पिंपरी-चिंचवडकडे वळावे. १९६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे औद्योगिक वसाहत विकसित केली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका आली. औद्योगिक भूखंड महामंडळाच्या ताब्यात असले, तरी कारखान्यांकडे येणाऱ्या मालावरील जकात महानगरपालिकेस मिळे आणि तिच्यावर रस्ते, पाणी, मलनिःसारण यांचा डोलारा उभा राहिला. २०१३ मध्ये जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि या महानगरपालिकेलाही राज्याच्या भरपाईकडे पाहावे लागले. उत्तर प्रदेशात जकात १९९० मध्येच रद्द झाली होती.

येथे अनुच्छेद २४३ क्यूच्या परंतुकाचीही नोंद घ्यावी. एखादी औद्योगिक आस्थापना आपल्या क्षेत्रात नागरी सेवा पुरवीत असेल किंवा पुरविण्याचा तिचा प्रस्ताव असेल, तर राज्यपाल त्या क्षेत्राला औद्योगिक नगरी म्हणून विनिर्दिष्ट करू शकतात. मग तेथे नगरपालिका स्थापन न केली तरी चालते. कारखानदारास हे सोयीचे असते. तेथील रहिवाशाला मात्र सेवा मिळते, मत मिळत नाही.

वाराणसी नगर निगमाची हद्द अलीकडे वाढली असून २०२३ ची निवडणूक १०० प्रभागांत झाली. रामनगर ही पूर्वीची स्वतंत्र नगरपालिका आता निगमात विलीन झाली आहे. त्याच नावाचे औद्योगिक क्षेत्र मात्र चंदौलीतच, औद्योगिक प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहे.